शिकून मिळवलेला वारसा : लोकगायक टेक्स रिटर

हीरक महोत्सवी स्मरणिकेत संस्थापकांचे स्मरण असते, गुरुजनांच्या आठवणी असतात, माजी विद्यार्थ्यांच्या यशाचा गौरव असतो. अशा अंकात अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या एका गायकाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आरंभी एवढेच नमूद करते की, हे गायक गुराख्यांची गाणी गाऊन कीर्तिमान झाले. परंतु ते स्वतः गुराखी नव्हते. ज्या गाण्यांनी त्यांना ओळख दिली, त्यांचा खरा परिचय त्यांना विद्यापीठात, शिक्षकांच्या सहवासात झाला. शिक्षकांनी हाती दिलेली ठेव जन्मभर सांभाळणाऱ्या एका विद्यार्थ्याची ही कथा आहे. शाळेच्या अंकात ती अस्थानी ठरू नये.

टेक्स रिटर यांचे चरित्र समजून घेण्यापूर्वी त्यांच्या गाण्यांचे मूळ पाहिले पाहिजे. काउबॉय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चित्रपटातला रुबाबदार घोडेस्वार उभा राहतो : रुंद काठाची टोपी, कमरेला पिस्तूल, मागे धुळीचा लोट. प्रत्यक्षातला काउबॉय हा तुटपुंज्या वेतनावर राबणारा गुराखी होता. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, तेव्हा टेक्सासच्या मोकळ्या रानांत गुरांची संख्या अफाट वाढलेली होती आणि त्यांना तेथे मोल नव्हते. उत्तरेकडील आणि पूर्वेकडील शहरांत मात्र मांसाला मोठी मागणी होती. १८६७ मध्ये कॅन्सस राज्यातील अ‍ॅबिलीन येथे गुरे रेल्वेत चढवण्याची सोय झाली आणि टेक्सासहून तिथवर कळप हाकत नेण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. एकेका कळपात दोन-तीन हजार गुरे आणि ती हाकणारी दहा-बारा माणसे असत. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर, असा हा प्रवास दोन-तीन महिने चाले. नद्यांना पूर येत, माणसे वाहून जात, घोडे पडत. या गुराख्यांत गोरे होते, मेक्सिकन होते आणि गुलामगिरीतून नुकतेच मुक्त झालेले कृष्णवर्णीयही बऱ्याच संख्येने होते. दोराचा फास टाकून जनावर धरण्याचे कसब मेक्सिकन गुराख्यांकडून आले आणि त्या व्यवसायातले कितीतरी शब्दही स्पॅनिश भाषेतूनच आले.

गाण्याची खरी गरज पडे ती रात्री. दिवसभर चालून दमलेली गुरे माळावर बसवलेली असत. विजेचा एक कडकडाट किंवा भांड्याचा एक आवाज झाला तरी कळप बुजून उधळे आणि वाटेत येणारे सारे तुडवून टाकी. म्हणून पहाऱ्यावरचे घोडेस्वार कळपाभोवती संथपणे फेऱ्या घालीत आणि फेऱ्या घालताना गात राहत. परिचित मानवी स्वर सतत कानी पडला की अंधारातल्या अचानक हालचालीने जनावरे दचकत नसत, असा त्यांचा अनुभव होता. शिवाय पेंगुळलेल्या पहारेकऱ्यालाही त्या स्वराने जाग राही. कोणी प्रार्थनेचे गीत गाई, कोणी आयर्लंड-इंग्लंडहून आलेल्या जुन्या कथागीताला नवे शब्द जोडी, कोणी वाहून गेलेल्या सोबत्याचे नाव त्यात गुंफी. या गाण्यांना एक कर्ता नव्हता आणि एक पाठही नव्हता. मग १८७४ मध्ये काटेरी तारेच्या कुंपणाचे पेटंट निघाले, मोकळी राने बंदिस्त होऊ लागली, रेल्वे टेक्सासच्या अंतर्भागात पोहोचली आणि जेमतेम वीस-पंचवीस वर्षांत हा व्यवसाय ओसरला. पहारा संपला. गाणी तेवढी म्हाताऱ्या गुराख्यांच्या ओठांवर राहिली.

ती तिथेच विरून गेली असती. ती वाचली यामागे जॉन लोमॅक्स या अभ्यासकाचे परिश्रम आहेत. लोमॅक्स यांचे बालपण टेक्सासमध्ये, कळपांच्या वाटेजवळच्या एका शेतावर गेले. लहानपणी कानांवर पडलेली गाणी ते उतरवून ठेवीत. पुढे ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा कागदांची ती गुंडाळी त्यांनी इंग्रजीच्या एका प्राध्यापकांना मोठ्या आशेने दाखवली. प्राध्यापकांनी ती गाणी हिणकस ठरवली. त्याच रात्री आपण ती जाळून टाकली, असे लोमॅक्स यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. पुढे हार्वर्ड विद्यापीठात उच्च शिक्षणासाठी गेल्यावर बॅरेट वेंडेल आणि जॉर्ज किट्रेज या दोन प्राध्यापकांनी त्याच विषयाचे महत्त्व ओळखले, त्यांना प्रोत्साहन दिले आणि संशोधनासाठी आर्थिक साहाय्य मिळवून दिले. लोमॅक्स यांनी पश्चिमेकडील वृत्तपत्रांतून लोकांना आवाहन केले, गावोगाव हिंडून गाणी मिळवली आणि १९१० मध्ये काउबॉयांच्या गाण्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या संग्रहासाठी आपल्या हस्ताक्षरात पत्र लिहून दिले. आज जगभर गायले जाणारे ‘होम ऑन द रेंज’ हे गीत लोमॅक्स यांना सॅन अँटोनिओ शहरात एका कृष्णवर्णीय मद्यगृहचालकाकडून मिळाले होते. शिक्षकाच्या पेशात असलेल्या मला ही हकिगत फार अस्वस्थ करते. एका अध्यापकाच्या शेऱ्याने जी गाणी राख झाली, तीच दुसऱ्या दोन अध्यापकांच्या आस्थेने ग्रंथबद्ध झाली. गाण्यांत काही फरक पडला नव्हता. फरक होता तो ऐकणाऱ्याच्या कानांत.

लोमॅक्स यांचा संग्रह निघाला तेव्हा आपले चरित्रनायक पाच वर्षांचे होते. वुडवर्ड मॉरिस रिटर यांचा जन्म १२ जानेवारी १९०५ रोजी पूर्व टेक्सासमधील पनोला परगण्यात, मर्व्हॉल या खेड्यात झाला. टेक्सास म्हणजे उघडा माळ आणि गुरांचे कळप अशी आपली समजूत असते. परंतु राज्याचा हा पूर्वेकडील भाग पाइन वृक्षांच्या दाट रानांचा आणि कापसाच्या शेतांचा. कळपांच्या वाटा तेथून दूर पश्चिमेला होत्या. रिटर घराण्याची शेती होती. छोट्या वुडवर्डचे प्राथमिक शिक्षण कार्थेज या जवळच्या गावी झाले. नंतर कुटुंब तेलविहिरींमुळे भरभराटीला आलेल्या बोमाँट परिसरात आले आणि तेथील साउथ पार्क हायस्कूलमधून तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला.

१९२२ मध्ये रिटर यांनी ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात प्रवेश घेतला. राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र हे त्यांचे विषय आणि वकील होणे हे उद्दिष्ट. वक्तृत्वाची आवड होती, आवाज खर्जातला आणि भारदस्त होता. न्यायालयात तो शोभून दिसला असता. परंतु त्याच विद्यापीठात त्यांना अशी माणसे भेटली की, आयुष्याची दिशा पालटली. जे. फ्रँक डोबी हे तेथे इंग्रजी शिकवीत. गुरांच्या वाड्यावर वाढलेला हा प्राध्यापक टेक्सासच्या लोककथा जमवी आणि राज्याच्या लोकसाहित्य संस्थेच्या ग्रंथांचे संपादन करी. ज्या भूमीवर आपण उभे आहोत तिच्या कथा-गीतांना अभ्यासात स्थान असलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. ऑस्कर फॉक्स हे संगीतकार विद्यापीठाच्या गायकवृंदाचे मार्गदर्शक होते. काउबॉयांच्या मौखिक गाण्यांना त्यांनी मैफलीत गाता येईल अशी स्वररचना दिली. रिटर त्या वृंदाचे अध्यक्ष झाले. लोमॅक्स यांच्याकडूनही त्यांना उत्तेजन मिळाले. ज्या विद्यापीठात एकेकाळी ही गाणी हिणकस ठरली होती, त्याच विद्यापीठात पंचवीस-तीस वर्षांनी एक विद्यार्थी ती मनोभावे शिकत होता. कायद्याचे पुस्तक मागे पडले. रिटर यांनी गाणी पाठ केली, त्यांचे निरनिराळे पाठ पडताळले, ती कोणत्या कामाच्या वेळी आणि कोणत्या प्रसंगी गायली जात ते समजून घेतले.

१९२८ मध्ये ह्यूस्टन येथील रेडिओ केंद्रावर त्यांनी काउबॉय गीतांचा कार्यक्रम सुरू केला आणि त्याच वर्षी ते न्यूयॉर्कला गेले. तेथे एका संगीत नाटकाच्या गायकवृंदात काम मिळाले. मध्यंतरी शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात त्यांनी काही काळ कायद्याचा अभ्यास पुन्हा सुरू करून पाहिला. परंतु मन रंगभूमीकडे ओढ घेत होते आणि देशावर महामंदीचे सावट पसरले होते. वकिलीचा नाद कायमचा सुटला. न्यूयॉर्कमधील सहकारी त्यांच्या टेक्सासी बोलण्याची मौज करीत आणि त्यांना ‘टेक्स’ म्हणत. जे चिडवण्यासाठी ठेवलेले नाव, तेच त्यांनी भूषण म्हणून धारण केले.

येथे त्यांच्या बोलण्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक वाटते. पूर्व टेक्सासच्या लोकांचा एक विशिष्ट हेल आहे : शब्द लांबवत, सावकाश उच्चारण्याचा. महानगरात गेलेला होतकरू तरुण असा हेल पहिल्या वर्षातच पुसून टाकण्याच्या खटपटीला लागतो. रिटर हे विद्यापीठात शिकलेले, वक्तृत्वात तयार झालेले. मनात आणते तर त्यांना ते सहज साधले असते. त्यांनी तो हेल जन्मभर राखला, गाण्यातही राखला. त्या काळच्या इतर लोकप्रिय गायकांसारखा त्यांचा गळा गुळगुळीत नव्हता. आवाज खडबडीत होता, सुरांच्या कडा घासलेल्या नव्हत्या. मात्र शब्द असा पोहोचे की, कुणी समोर बसून हकिगत सांगत आहे असे वाटावे. कथागीताला हाच गुण लागतो.

२६ जानेवारी १९३१ रोजी न्यूयॉर्कच्या गिल्ड थिएटरमध्ये लिन रिग्ज यांचे ‘ग्रीन ग्रो द लायलॅक्स’ हे नाटक रंगभूमीवर आले. ओक्लाहोमाच्या शेतकरी-गुराखी जीवनावरील या नाटकात रिटर यांना कॉर्ड एलम ही लहान भूमिका मिळाली; प्रमुख नटाच्या अनुपस्थितीत उभे राहणारे पर्यायी नट म्हणूनही त्यांची निवड झाली होती. खरे महत्त्व होते ते त्यांच्या गाण्यांना. नाटकात त्यांनी काउबॉयांची पारंपरिक गीते गायली आणि महानगरातील नाट्यरसिकांनी ती प्रथमच इतक्या जवळून ऐकली. नाटकाचे ६४ प्रयोग झाले. याच नाटकावरून १९४३ मध्ये ‘ओक्लाहोमा!’ हे अमेरिकन संगीत रंगभूमीवरील युगप्रवर्तक नाटक तयार झाले, हे रसिकांना ठाऊक असेलच.

त्यानंतरची पाच वर्षे रिटर यांनी न्यूयॉर्कमध्ये जे काम केले ते मला त्यांच्या चित्रपटांपेक्षा मोलाचे वाटते. त्यांनी रेडिओवर पश्चिमेच्या जीवनावरील कार्यक्रम सादर केले. १९३३ पासून मुलांसाठी ‘काउबॉय टॉम्स राउंडअप’ हा कार्यक्रम केला. ज्यांनी गाईचा गोठाही पाहिला नसेल अशी, उंच इमारतींत राहणारी मुले तो कार्यक्रम ऐकत होती. पूर्वेकडील महाविद्यालयांत जाऊन ते काउबॉय आणि त्यांची गाणी या विषयावर व्याख्यान देत, मधूनमधून गिटार घेऊन गात. आधी गाण्याची पार्श्वभूमी समजावून द्यायची आणि मग गाऊन दाखवायचे, ही पद्धत शिक्षकाचीच आहे. डोबी आणि फॉक्स यांच्याकडून जे मिळाले ते ते पुढच्या वर्गाला शिकवीत होते.

याच काळात त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघू लागल्या. ‘गुडबाय ओल्ड पेंट’ हे घोड्याचा निरोप घेणारे गीत आणि ‘राय व्हिस्की’ हे एका मद्यप्याचे गीत त्यांनी १९३३ मध्ये ध्वनिमुद्रित केले. दुसऱ्या गीतात त्यांनी उचकी लागलेल्या मद्यप्याची अशी हुबेहूब नक्कल केली की, पुढे प्रत्येक कार्यक्रमात श्रोते त्याचीच फर्माईश करीत. पहिल्या गीताची कुळकथा अधिक लक्षणीय आहे. जेस मॉरिस या टेक्सासच्या फिडलवादकाने सांगितल्यानुसार, हे गीत त्याने बालपणी चार्ली विलिस या, पूर्वी गुलाम असलेल्या, कृष्णवर्णीय काउबॉयाकडून शिकले होते. ज्याच्या नावावर जमीन नव्हती, त्याच्या ओठांवरचे गीत देशाच्या सांस्कृतिक संपत्तीचा भाग झाले. पुढच्या काळात चित्रपटांनी काउबॉयांचे जे चित्र रंगवले त्यात चार्ली विलिससारख्या माणसांना जागा उरली नाही. गाण्यांनी मात्र त्यांची खूण जपली.

१९३४-३५ च्या सुमारास जीन ऑट्री या गायकाने चित्रपटांतून अपूर्व यश मिळवले आणि प्रत्येक निर्मात्याला आपल्याकडे एक ‘गाणारा काउबॉय’ असावा असे वाटू लागले. एडवर्ड फिनी या निर्मात्याने रिटर यांना हॉलिवूडला नेले. १९३६ मध्ये ‘साँग ऑफ द ग्रिंगो’ हा त्यांचा पहिला चित्रपट प्रदर्शित झाला आणि पुढील नऊ वर्षांत त्यांनी साठेक चित्रपटांत भूमिका केल्या. ‘व्हाइट फ्लॅश’ नावाचा त्यांचा पांढरा घोडाही बालप्रेक्षकांचा लाडका झाला. हे चित्रपट अल्प खर्चाचे, थोड्या दिवसांत उरकलेले आणि एकाच साच्याचे असत, हे मान्य केले पाहिजे. खलनायक, पाठलाग, मारामारी आणि शेवटी सत्याचा विजय. परंतु त्यांतही रिटर यांनी जमेल तेथे जुनी, अस्सल गाणी गुंफण्याचा प्रयत्न केला. १४ जून १९४१ रोजी त्यांनी आपल्या चित्रपटांतील सहअभिनेत्री डोरोथी फे यांच्याशी विवाह केला. पुढे या दांपत्याने मेंदूच्या पक्षाघाताने पीडित बालकांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दीर्घकाळ साहाय्य केले.

१९४२ मध्ये कॅपिटॉल ही ध्वनिमुद्रिका कंपनी नव्याने स्थापन झाली. ग्रामीण आणि पश्चिमी संगीताच्या क्षेत्रातून तिने पहिला करार केला तो टेक्स रिटर यांच्याशी. युद्धाच्या त्या वर्षांत त्यांची गाणी देशभर गाजली. १९४४ आणि १९४५ मध्ये त्यांच्या ध्वनिमुद्रिका त्या प्रकारच्या संगीताच्या यादीत अग्रस्थानी होत्या. यशाच्या या शिखरावर मात्र काळ बदलू लागला होता. १९४५ नंतर त्यांच्या प्रमुख भूमिकांचे चित्रपट थांबले. गाणाऱ्या काउबॉयांची लाट ओसरली. चाळिशी गाठलेला हा कलावंत गावोगावच्या कार्यक्रमांसाठी रस्त्याने प्रवास करू लागला.

त्यांचे सर्वांत प्रसिद्ध गाणे यानंतर आले, हे विशेष. १९५२ मध्ये फ्रेड झिनेमान यांनी दिग्दर्शित केलेला ‘हाय नून’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. आपल्याकडील अनेक ज्येष्ठ वाचकांनी तो पाहिला असेल. गावाचा रक्षक असलेला अधिकारी, त्याचा सूड घ्यायला दुपारच्या गाडीने येणारा गुन्हेगार आणि एकेक करून पाठ फिरवणारे गावकरी, अशी ती कथा आहे. त्या काळच्या चित्रपटांचा आरंभ वाद्यवृंदाच्या गजराने होत असे. हा चित्रपट सुरू होतो तो मोजक्या वाद्यांच्या साथीने येणाऱ्या एका पुरुषाच्या स्वराने. तो स्वर टेक्स रिटर यांचा. दिमित्री टिओमकिन यांचे संगीत आणि नेड वॉशिंग्टन यांचे शब्द असलेले हे गीत चित्रपटभर पुनःपुन्हा येते आणि एकाकी नायकाच्या मनातली घालमेल सांगते. हे गीत नव्याने रचलेले होते, पण त्याची घडण जुन्या कथागीताची होती. ते गाण्यासाठी कथागीतांत मुरलेला गळाच हवा होता. साठेक चित्रपटांत घोड्यावरून दौडलेले रिटर या चित्रपटात एकदाही पडद्यावर दिसत नाहीत आणि आज जगाला ते आठवतात ते या अदृश्य स्वरामुळे. १९ मार्च १९५३ रोजी ऑस्कर पारितोषिकांचा सोहळा प्रथमच दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. त्या मंचावर रिटर यांनी हे गीत गायले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटगीताचे पारितोषिक त्या गीताला मिळाले. फ्रँकी लेन या लोकप्रिय गायकाने गायलेली त्याच गीताची ध्वनिमुद्रिका बाजारात अधिक खपली. परंतु चित्रपटातला स्वर रिटर यांचाच राहिला.

उत्तरायुष्यात त्यांनी आपल्या क्षेत्रासाठी संस्थात्मक काम केले. लॉस एंजलिस परिसरात ‘टाउन हॉल पार्टी’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून त्यांनी जुन्या-नव्या गायकांना मंच दिला. ज्या संगीताला शहरी प्रतिष्ठित वर्ग गावंढळ म्हणून नाक मुरडत असे, त्याच्या जतनासाठी आणि प्रसारासाठी स्थापन झालेल्या कंट्री म्युझिक असोसिएशनच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला आणि तिचे अध्यक्षपदही भूषवले. १९६४ मध्ये त्या संगीताच्या सन्मानदालनात त्यांचा समावेश झाला. हा मान मिळवणारे ते पाचवे आणि गाणाऱ्या काउबॉयांपैकी पहिले. १९६५ मध्ये ते नॅशव्हिल येथे स्थायिक झाले आणि तेथील प्रसिद्ध ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ मैफलीचे सदस्य झाले. १९७० मध्ये त्यांनी टेनेसी राज्यातून सिनेटची निवडणूक लढवण्यासाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागितली. पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. विद्यापीठातील राज्यशास्त्राचा विद्यार्थी इतक्या वर्षांनी पुन्हा जागा झाला होता, परंतु मतदारांना गायक अधिक प्रिय होता.

२ जानेवारी १९७४ रोजी, वयाची ६९ वर्षे पूर्ण होण्यास दहा दिवस असताना, त्यांचे निधन झाले. आपल्या वाद्यवृंदातील एक वादक अटकेत असल्याचे कळल्यावर त्याच्या जामिनाची व्यवस्था करण्यासाठी ते स्वतः नॅशव्हिलच्या तुरुंगात गेले होते. तेथेच हृदयविकाराचा झटका आला. लौकिक मिळालेला माणूस असे काम एखाद्या हाताखालच्या माणसावर सहज सोपवू शकला असता. त्यांनी ते सोपवले नाही, यातच त्यांच्या स्वभावाची ओळख पटते. त्यांचे पार्थिव टेक्सासला नेण्यात आले आणि पोर्ट नेचेस येथे दफनविधी झाला. त्यांचे धाकटे चिरंजीव जॉन रिटर हे पुढे दूरचित्रवाणीवरील अत्यंत लोकप्रिय अभिनेते झाले. ज्या कार्थेज गावी टेक्स रिटर यांनी अक्षरे गिरवली, तेथे आज त्यांच्या नावाचे संग्रहालय उभे आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. गेली साठ वर्षे आपली शाळा महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमातून शिक्षण देत आहे. प्रवेशाच्या दिवसांत पालक एक शंका हमखास बोलून दाखवतात. आमचे मूल इथे जन्मले, त्याने कोकण पाहिले नाही, देशावरची बैलगाडी पाहिली नाही, घरात आजीही आता नाही. मग मराठी हा त्याचा वारसा उरला तरी आहे का? या शंकेला व्याख्यानाने उत्तर देता येत नाही. टेक्स रिटर यांच्या चरित्राने ते देता येईल, असे मला वाटते. पाइनच्या रानात आणि कापसाच्या शेतांजवळ जन्मलेल्या मुलाने माळरानाची गाणी आपलीशी केली ती शिकून, समजून घेऊन, वर्षानुवर्षे गाऊन. कळपांची वाट त्यांच्या जन्माआधीच बंद झाली होती. रात्रीचा पहारा त्यांच्या वाट्याला आला नव्हता. तरीही त्या पहाऱ्याचा स्वर न्यूयॉर्कच्या मुलांपर्यंत पोहोचला तो त्यांच्या गळ्यातून. वारसा रक्तातून आपोआप उतरतो असे आपण मानतो आणि तो उतरला नाही की हळहळतो. अभ्यासाने आणि जिव्हाळ्यानेही तो मिळवता येतो, किंबहुना बहुतेक वेळा तो तसाच मिळवावा लागतो.

त्यासाठी दोन अटी मात्र आहेत. पहिली शिक्षकांनी पाळायची : विद्यार्थी घरून जे शब्द, जी गाणी, जो हेल घेऊन येईल, त्याला हिणकस म्हणायचे नाही. लोमॅक्स यांच्या जळालेल्या कागदांचे स्मरण प्रत्येक शिक्षकदालनात असावे. दुसरी अट पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी पाळायची : जे आहे ते उतरवून ठेवायचे. आपल्याकडेही साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या जमवल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकगीतांचे खंडामागून खंड सिद्ध केले, म्हणून कितीतरी धन वाचले. परंतु आपल्यासारख्या परप्रांतात वसलेल्या मराठी घरांतली गाणी अजून कोणी फारशी टिपलेली नाहीत. इथल्या भाषेचे शब्द मिसळून तयार झालेल्या ओव्या, मंगळागौरीची गाणी, अंगाईगीते, उखाणे आजही काही घरांत आहेत. ती म्हणणाऱ्या स्त्रिया आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत.

म्हणून या हीरक महोत्सवी वर्षात शाळेच्या ग्रंथालयात अशा गाण्यांसाठी एक स्वतंत्र कपाट राखून ठेवले आहे. आपल्या घरातले एखादे गीत जसेच्या तसे, शब्द न सुधारता, कागदावर लिहून पाठवावे. ते कोणी म्हटले, ती व्यक्ती मूळची कुठली आणि ते कोणत्या कामाच्या वा सणाच्या वेळी म्हणत, हेही सोबत लिहावे. चाल मुद्रित करून पाठवता आली तर फारच उत्तम. इयत्ता आठवी आणि नववीचे विद्यार्थी ती वहीत उतरवून घेतील, समजून घेतील आणि पुढील वर्षीच्या स्नेहसंमेलनात गातील.